फेअरवेदर हॉलमधले लांब टेबल

माझी भाची न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इतिहासात पीएच.डी. करते. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे गेलो. (तिकीट तिनेच काढले, कारकुनाच्या पगारात ते बसत नाही.) मी म्हणालो, "आधी बाबासाहेबांचे विद्यापीठ, मग बाकीचे शहर."

११६ व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरलो. फाटकावर ओळखपत्र पाहतात; पाहुणा म्हणून माझे नाव तिने आधीच नोंदवले होते. लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यापुढे हात जोडले आणि फेअरवेदर हॉलमध्ये, तिच्या इतिहास विभागात गेलो. सुट्टी लागली होती. रिकाम्या खोलीत बाकांच्या रांगा नव्हत्या. एक लांब टेबल, भोवती खुर्च्या. सेमिनार इथे भरतो.

मी बी.कॉम. झालो तो नोट्स उतरवून. सर सांगायचे, आम्ही लिहायचो. इथे दर आठवड्याला अख्खे पुस्तक वाचून यायचे आणि दोन तास बोलायचे. लेखकाने पुरावा कुठून आणला? कोणाचे म्हणणे त्यात आलेच नाही? शेवटी स्वतःचा निबंध लिहायचा.

"मामा, पहिले दोन महिने मी तोंडच उघडले नाही," ती म्हणाली. "इंग्रजी चुकेल अशी भीती. खोलीवर गेल्यावर सगळी उत्तरे सुचायची."

"मग?"

"मग बाबासाहेबांचा सेमिनारमधला निबंध पुन्हा काढला."

शाळेत गोणपाटावर वेगळे बसवलेले बाबासाहेब १९१३ साली या विद्यापीठात आले. इतिहासाचेही ११ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. जातीवरचा निबंध वाचला तो प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, ९ मे १९१६ रोजी. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, आपले केतकर, एकेकाची व्याख्या घेऊन ती कुठे अपुरी पडते ते दाखवले. मग स्वतःचे म्हणणे मांडले: जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा गाभा, सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह त्यासाठीच आले. एवढे मला ठाऊक होते. शेवट मात्र मी कधी नीट वाचला नव्हता. आपला सिद्धांत टिकत नाही असे कोणी दाखवले तर तो सोडायची तयारी त्यांनी तिथे सांगितली आहे.

भाचीने दाराजवळची खुर्ची दाखवली. तिथून तिने पहिल्यांदा हात वर केला. दोनदा अडखळली. समोरच्याने मुद्दा खोडला, तिने पुरावा दिला, त्याने दुसरा काढला. अर्धे म्हणणे तिला सोडावे लागले, अर्धे टिकले.

कोणते अर्धे, ते ती मला परतीच्या गाडीत स्टेशन येईपर्यंत समजावत होती.