आखूड मायना, मोकळा मजकूर

नाशिकमधल्या कुठल्याही सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या किंवा भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निधनाची बातमी आली की 'भा.पू.श्र.'ची रांग लागते. पहिला कुणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं पूर्ण लिहितो, पुढचे आद्याक्षरांवर येतात आणि त्यांच्यामागचे नुसते हात जोडतात. त्याच ग्रुपवर सकाळी 'जीएम', रात्री 'जीएन', वाढदिवसाला 'एचबीडी', निरोपाला 'टीसी' आणि विनोदाला 'लोल' असतंच. या सगळ्यांना एकाच मापाने मोजून 'भाषेची वाट लागली' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी या ग्रुपांमध्ये रोज वावरतो आणि मला ही तक्रार चुकीच्या जागी केलेली वाटते. शब्द आखडल्याने भाषेचं सहसा काही बिघडत नाही. प्रश्न आहे तो काय आखडलं याचा. मराठीने पिढ्यान्‌पिढ्या पत्राचा मायना आखडला आणि मजकूर मोकळा ठेवला. आज पुष्कळदा मायना तेवढा पोचतो आणि मजकूर येतच नाही.

ही काटकसर किती जुनी आहे ते घरातली पत्रं चाळली तरी कळतं. 'सा.न.वि.वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, धाकट्यांना 'अ.उ.आ.' म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद, शेवटी 'क.लो.अ.' म्हणजे कळावे, लोभ असावा, आणि लिहायचं राहून गेलेलं काही आठवलं तर 'ता.क.'. त्याआधीच्या मोडी कागदांत तर संक्षेप ही लेखनाची रीतच होती. 'रा.रा.' म्हणजे राजमान्य राजश्री, मुसलमानी तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र, आणि मौजे-परगण्यांच्या आद्याक्षरापुढे दोन उभे दंड. पेशवे दफ्तरातल्या कारकुनाला म्हणून कुणी आळशी ठरवलेलं नाही. पुढे १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं आणि जागेची किंमत सामान्य माणसालाही कळू लागली. १९२५ मध्ये सुरू झालेल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसने देशभरची पोस्टाची तिकिटं, कार्डं आणि अंतर्देशीय पत्रं छापली. त्या कार्डांवर मराठी माणूस पहिली ओळ चार अक्षरांत उरकायचा, ती उरलेल्या जागेत बाळंतपण, पाऊसपाणी, कर्ज आणि जावयाची बदली मावावी म्हणून. दोघांनाही तोंडपाठ असलेलं ते आखूड लिहायचं आणि त्या घरापुरतं, त्या दिवसापुरतं असलेलं ते पूर्ण, असा त्या लेखनाचा अलिखित नियम होता.

एसएमएसच्या काळातही कारण जागेचंच होतं. एका संदेशात रोमन लिपीची १६० अक्षरं मावत. देवनागरी वापरली तर मर्यादा ७० वर येई, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी अक्षरं म्हणून मोजली जात. अंकांच्या कीपॅडवर एकेका अक्षरासाठी बटण अनेकदा दाबावं लागे. मराठी पोरं रोमन लिपीत, स्वर गाळून लिहायला लागली त्यात इंग्रजीच्या प्रेमापेक्षा हिशेब जास्त होता. खुद्द इंग्रजीतही हे प्रकरण मोबाइलने जन्माला घातलेलं नाही. 'ओएमजी'ची ऑक्सफर्ड कोशाला सापडलेली जुनी नोंद १९१७ मधली आहे, आणि ती अ‍ॅडमिरल फिशर या वयोवृद्ध नौदल अधिकाऱ्याने चर्चिलना लिहिलेल्या पत्रातली. कोशाने या संक्षेपाला 'लोल'सह जागा दिली ती मात्र २०११ मध्ये.

यावर पहिला आक्षेप पालक आणि शिक्षकांचा असतो, की अशाने मुलांचं लेखन बिघडतं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठात बेव्हर्ली प्लेस्टर आणि क्लेअर वुड यांनी शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात उलटंच दिसलं. मेसेजमध्ये संक्षेप जास्त वापरणारी मुलं वाचनात मागे नव्हती, उलट काहीशी पुढेच होती. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनीही २००८ च्या आपल्या पुस्तकात या भीतीला फारसा आधार नसल्याचं मांडलं. ती मुलं इंग्रजी बोलणारी होती, त्यामुळे तो निष्कर्ष मराठी मुलांना जसाच्या तसा चिकटवणं घाईचं होईल. त्यामागचा तर्क मात्र कुठल्याही भाषेला लागू पडतो: काय गाळलं तरी वाचणाऱ्याला कळेल, हे ठरवायला आधी पूर्ण शब्द नीट माहीत असावा लागतो. ज्या मुलाला तो देवनागरीत लिहिताच येत नाही, त्याची अडचण संक्षेपाच्या आधी, वाचनाच्या आणि शाळेच्या पातळीवर सुरू झालेली असते. भाषाशुद्धीच्या अंगानेही संक्षेपाविरुद्ध फारसं बोलता येत नाही. नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर या चळवळीचे अध्वर्यू. 'तारीख' घालवण्यासाठी त्यांनी दिलेला 'दिनांक' सरकारी कागदांवर स्थिरावला आणि तिथे त्याचाही 'दि.' झाला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो संदिग्धतेचा. नुसतं 'के' म्हणजे होकार की नाराजी, अंगठा म्हणजे 'मान्य' की नुसतं 'वाचलं', हे पाठवणारा आणि घेणारा यांच्या नात्यावर ठरतं. कॅनडातल्या सॅस्कॅचवन प्रांतात २०२३ मध्ये न्यायालयाने शेतकऱ्याने कराराच्या फोटोला दिलेला अंगठा हा होकार धरला आणि माल न दिल्याबद्दल त्याच्यावर सुमारे ८२ हजार डॉलरची भरपाई बसवली. करार पाहिला एवढंच आपण कळवलं, हे त्याचं म्हणणं टिकलं नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. देण्याघेण्याचा गाभा आखडू नये हे शहाणपण फार जुनं आहे. इथल्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा दानलेख राजाचं एकोणिसावं वर्ष आधी शब्दांत आणि मग पुन्हा आकड्यांत देतो. दगडात अक्षरं कोरणं पोस्टकार्डापेक्षा कितीतरी महाग, तरी तिथे दुहेरी लिहिणं परवडलं. लासलगावच्या बाजार समितीतही कांद्याची बोली तोंडी पुकारतात, पण ठरलेला भाव पट्टीवर लिहिला जातो. जिथे हक्क गुंतलेला असतो तिथे सविस्तर लिहायचं, हे आपल्याला ठाऊक आहेच.

तिसऱ्या आक्षेपाला उत्तर देणं सगळ्यात अवघड आहे. कुणी म्हणेल, दुःखात माणसं नेहमीच ठरीव शब्दांचा आधार घेतात. तारेतही दोन ओळीच असत, शुभेच्छांच्या तारांसाठी तर पोस्टाने वाक्यांना क्रमांकच दिले होते, मग 'भा.पू.श्र.'नेच काय घोडं मारलं? फरक खर्चाचा आहे. तार दर शब्दाला पैसे मोजून, तार ऑफिसात जाऊन करावी लागे. तिचा आखूडपणा परिस्थितीने लादलेला होता आणि तिच्यामागची धावपळ वाचणाऱ्याला न सांगता कळे. २०१३ च्या जुलैमध्ये ती सेवा थांबली. आता जागेला तोटा नाही, शब्दाला दाम नाही, लिपीची अडचण नाही. जिथे कशाचीच टंचाई नाही तिथे केलेली काटकसर फक्त आपल्या वेळाची असते, आणि समोरच्याला ती तशीच वाचता येते. म्हणून 'जीएम' कुणाला खुपत नाही आणि 'भा.पू.श्र.' खुपतं. सकाळच्या नमस्काराला तेवढाच वेळ अपेक्षित असतो. सांत्वनात दिलेला वेळ हाच निरोपाचा मुख्य भाग असतो.

जुनं ते सगळं गोमटं होतं, असा याचा अर्थ मी काढत नाही. पत्त्यातला 'सौ.' आणि 'गं.भा.' पत्र उघडण्याआधीच बाईचा नवरा हयात आहे की नाही हे पोस्टमनलाही सांगत असे. 'एचबीडी' कुणाचं कुंकू विचारत नाही, वडीलधाऱ्याला आणि नातवाला सारखाच लागू पडतो. ही कमाई घालवू नये. जुन्याकडून घ्यायचं ते फक्त प्रमाण. शाळांत पत्रलेखन शिकवताना पत्ता, दिनांक, मायना कुठे लिहायचा याची मांडणी कसून तपासली जाते, आणि मजकूर मात्र मार्गदर्शकातून पाठ केलेला चालून जातो. परीक्षेने हे उलटं करावं. मायना मुलांना हवा तेवढा आखडू द्यावा, अगदी दोन अक्षरांवर आणू द्यावा, आणि सगळे गुण त्या पत्रातल्या अशा वाक्यांना द्यावेत जी दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाहीत.