हवेचं चिलखत

"डोकं शाबूत आहे, हेल्मेटची कृपा. पण छातीला हेल्मेट कुठं असतं?"

सोलापूरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून बोलत होता. पलंगावर आमच्या शाळेतले उर्दूचे सर होते. चार बरगड्या मोडलेल्या, त्यातली एक फुप्फुसात घुसलेली, छातीतून नळी काढलेली. नोव्हेंबर महिना, उसाचा हंगाम नुकताच सुरू झालेला. मगरिबच्या वेळी सर शाळेतली मीटिंग उरकून लोहाऱ्याहून निघाले आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या डबल ट्रॉलीवर मागून आदळले. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. समोरून आलेल्या जीपच्या लाइटनं डोळे दिपले आणि पुढचं काही दिसलंच नाही.

सर वाचले. पण ज्यांनी त्यांना वर्गात नज्म म्हणताना ऐकलंय त्यांना कळेल काय गेलं ते. अख्खी नज्म एका दमात म्हणायचे. आता दोन ओळी झाल्या की थांबतात, टेबलाचा कोपरा धरतात. पोरं खाली पाहतात.

तोच रस्ता माझा आहे. मी माकणीला राहतो. निम्न तेरणा धरणाचं पाणी उजाडताना डाव्या हाताला सोडायचं आणि दिवेलागणीला परत उजव्या हाताला घ्यायचं, असं माझं येणं-जाणं. गाडी शंभर सीसीची, अब्बांनी घेतलेली. डॉक्टरचं ते वाक्य मी दवाखान्यातून घरी घेऊन आलो आणि ते काही केल्या उतरेना.

पुण्यातला माझा मावसभाऊ मोठ्या गाड्यांचा शौकीन. रविवारी पाच-पन्नास जण मिळून घाटात जातात. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "भाई, एअरबॅगवाला जाकीट आता है. गाडी से गिरे तो फुगता है." मला वाटलं थट्टा करतोय. मोटारीत स्टिअरिंगमधून पिशवी फुगते हे माहीत होतं. माणसाच्या अंगावर?

पण ही गोष्ट जुनी निघाली. हंगेरीतल्या तमाश स्ट्रौब नावाच्या माणसानं १९७६ सालीच या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. बाजारात पहिल्यांदा ते जाकीट जपान्यांनी आणलं, १९९० च्या दशकाच्या शेवटी. मोटोजीपीच्या शर्यतीत तर २०१८ पासून असलं जाकीट असल्याशिवाय कुणाला उतरताच येत नाही. ते ताशी तीनशेच्या वेगानं जाणारे लोक. आम्ही चाळीस-पन्नासनं जाणारे. पण त्यांच्या रस्त्यावर म्हैस नसते, वाळत घातलेली ज्वारी नसते आणि अंधारात उभी ट्रॉलीही नसते.

जाकिटात दोन जाती. पहिलीत एक दोरी असते. तिचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला, दुसरं जाकिटाच्या छातीवरच्या कळीला अडकवायचं. माणूस गाडीवरून फेकला गेला की दोरी ताणते, कळ निघते, आतल्या टोपणात सुई घुसते आणि लहानशा नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड पिशवीत भरतो. मान, छाती, पाठ, माकडहाडापर्यंत हवेची गादी तयार. साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात. मला पहिली शंका आली ती आपल्या विसरभोळ्या स्वभावाची. दोरी न काढताच उतरलो तर? शाळेच्या दारात फट्‌कन फुगून उभा राहिलो तर पोरं वर्षभर हसतील. पण कळ काढायला पंचवीस-तीस किलोचा जोर लागतो. पायउतार होणाऱ्याला फक्त ओढ लागते आणि आठवण होते.

दुसऱ्या जातीत दोरी नाही. पाठीवर एक छोटं यंत्र असतं, ते अंगाचा झुकाव आणि झटका सतत मोजत राहतं आणि अपघात होतोय हे स्वतः ओळखून पिशवी फुगवतं. ही जास्त चपळ. पण चार्जिंग करावं लागतं, काहींना वर्षाची फी भरावी लागते, आणि काही वेळा फुगल्यानंतर तपासणीसाठी कंपनीकडं पाठवावं लागतं. आमच्याकडं लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही.

मी आठवी-नववीला गणित-विज्ञान शिकवतो. 'रफ्तार, फासला, वक्त' हा धडा चालूच होता. फळ्यावर गणित मांडलं. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. दोरीच्या जाकिटाला फुगायला सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात माणूस किती पुढं जातो? एक मीटरपेक्षा थोडा जास्त. शिवाय दोरी ताणायला आधी माणूस गाडीपासून सुटायला हवा. एका मुलीनं हात वर केला. "सर, ट्रॉली तो गाडी के हँडल को लगकोच थी. फिर एक मीटर जगा कहाँ है?"

मी खडू ठेवला. पोरीचं बरोबर होतं. सरांची छाती ज्या क्षणी ट्रॉलीच्या फळीवर आदळली, त्या क्षणी दोरी कदाचित अजून ढिलीच असती. यंत्रवाल्या जाकिटाला बहुधा साठ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे पाऊण मीटरच्या आत. तेही तिथं वेळेवर पोचलं असतं की नाही, सांगता येत नाही. ज्या अपघातामुळं मी हे शोधायला निघालो, त्या अपघातात ते उपयोगी पडलं असतं याची खात्री नव्हती. दोन दिवस मी हा विषय सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी परत धरला. कारण आमच्या रस्त्यावर ट्रॉलीवर आदळणारे असतात तसे फेकले जाणारेही असतात, आणि ते जास्त असावेत असं माझं आपलं निरीक्षण. कुत्रं आडवं येतं, खडीवर चाक घसरतं, रंग न मारलेला गतिरोधक येतो, मागून जीप धक्का देते. तिथं माणूस हवेत जातो आणि मग जमिनीवर येतो. त्या जाण्या-येण्यात जाकिटाला वेळ मिळतो. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा हा आकडा. त्यात शेकडा साडेचव्वेचाळीस दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले पन्नास हजार. म्हणजे आधी हेल्मेट, हे निर्विवाद. पण डोकं झाकूनही गेलेले थोडे नाहीत.

आता पैसे. मावसभावानं पुण्यात चौकशी केली. दोरीचं चांगलं जाकीट पंचवीस हजारांपासून पुढं, यंत्राचं चाळीसच्या घरात. पाच-सहा हजारांतही काही मिळतात. पण त्याच्यावर युरोपच्या एन १६२१-४ या मानकाचा शिक्का आहे का ते आधी बघ, असं त्यानं बजावलं. शिक्का नव्हता. मी शिक्षण सेवक. बी.एड.नंतर किती वर्षं वाट पाहिली ते विचारू नका. मानधन महिना अठरा हजार. २०२३ च्या आधी तर याहूनही कमी होतं. म्हणजे साधारण दीड महिन्याची कमाई हवेत घालायची.

"इत्ते पैशे डालको हवा लेरे?" अम्मीनं हेच विचारलं. मग नेहमीचं. मौत का वक्त मुकर्रर है, एक सेकंद इकडं नाही की तिकडं नाही. मी काही बोलणार तेवढ्यात कोपऱ्यातून अब्बा म्हणाले, "फिर दाऊद अलैहिस्सलाम जिरह कायकू बनाते थे?" लोखंड ज्यांच्या हातात मेणासारखं मऊ होत असे त्या पैगंबरांनी चिलखतं घडवली, हे अम्मीला मान्य होतंच. ती गप्प बसली. मला मात्र शब्दाचा नाद लागला. जिरेटोपातलं 'जिरे' म्हणजे आपली फारसीतली जिरहच. चिलखतही तिकडूनच आलेलं. दोन्ही भाषांनी एकच लोखंड अंगावर घातलं, आणि आता त्या लोखंडाची हवा झाली होती.

अब्बा जाकिटाच्या बाजूनं का बोलले ते मला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी तीन वर्षांचा होतो, मला काही आठवत नाही. अब्बांना सगळं आठवतं. सास्तूरला दिलेली माझी फुप्पू त्या पहाटे गेली. तिच्या सासऱ्यानं बांधलेली भिंत अडीच फूट जाड होती. दगड आणि माती. उन्हाळ्यात घर माठासारखं थंड. गावात मिरवायचे ते त्या भिंतीचं. तीच भिंत अंगावर आली. जवळपास आठ हजार माणसं गेली त्या भूकंपात, आणि पुष्कळांना त्यांच्या स्वतःच्या जाड भिंतींनीच घेतलं. नंतर नवी घरं झाली ती पातळ भिंतींची, चारी बाजूंनी काँक्रीटचे पट्टे बांधलेली. सुरुवातीला लोकांना त्यात झोपायची भीती वाटायची म्हणे. इतकी पातळ भिंत काय राखणार? अब्बा अजूनही कुठल्या घरात गेले की भिंतीवर हात ठेवून बघतात. जाडीवरचा त्यांचा विश्वास गेला तो गेला.

खरी अडचण पैशाची नव्हती, अम्मीचीही नव्हती. ती एका शुक्रवारी उघडी पडली. आम्ही उमरग्याला निघालो होतो, सासरी. मी, मागं बायको एका बाजूला पाय सोडून, तिच्या मांडीवर धाकटी, आणि पुढं टाकीवर सहा वर्षांचा थोरला. हेल्मेट एक, माझ्या डोक्यावर. गाडी सुरू करता करता सहज मनात आलं की जाकीट असतं तर? पिशवी माझ्या छातीवर फुगली असती. आणि माझ्या छातीला टेकून कोण बसलंय?

पुण्याच्या दुकानदाराला मावसभावाकरवी विचारलं. तो म्हणाला, "पुढं पोरगं बसवून कोण चालवतं हो गाडी?"

आम्ही चालवतो. सगळं माकणी चालवतं. हे जाकीट एकट्या माणसासाठी आहे. आमची गाडी म्हणजे घरातली एसटी. जाकीट निवडायचं म्हणजे चौघांतला कोण वाचवायचा ते निवडायचं, असं मला त्या दिवशी वाटलं आणि मी बायकोला तसं बोलूनही दाखवलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "कमानेवाले तुमीच हैं. भिशी का मेरा नंबर इस महीने है. लेव." मला तिच्याकडं बघवेना. मी जाकिटासाठी महिनाभर हिशेब करत होतो. तिच्या हेल्मेटचा हिशेब एकदाही केला नव्हता, आणि ते तर हजारभर रुपयांत येतं.

कायदा यात काही लपवत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगतं. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला पट्टा आणि हेल्मेट, आणि गाडीचा वेग चाळीसच्या आत, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला हवा, मागच्याला धरायला कडी हवी, हे तर १९८९ च्या नियमांत आहे, नियम १२३. आमच्या गाडीची साडीगार्ड दोन वर्षांपूर्वी वाजते म्हणून मीच काढून टाकली होती. बुरख्याचा घेर आणि ओढणीचं टोक चाकात गेलं की काय होतं ते आमच्या मोहल्ल्यात सांगायला नको. बायका बसताना आधी कपडा आवरून मांडीखाली दाबतात, मग "चलो" म्हणतात. त्या दाबण्याला कुणी सुरक्षेचं साधन म्हणत नाही, पण वर्षानुवर्षं तेच एक साधन त्यांच्याकडं आहे.

मग क्रम लागला. पहिल्या पगारातून आयएसआयची दोन हेल्मेटं, एक तिचं, एक थोरल्याचं. तिच्या हेल्मेटात स्कार्फ नीट बसतो का ते पाहायला तीन दुकानं फिरलो. एक नंबर मोठं घ्यावं असं दुकानदार म्हणत होता, ते घेतलं नाही, ढिलं हेल्मेट पडल्यावर आधी निघून जातं. मेकॅनिककडून साडीगार्ड परत बसवली. थोरल्याला टाकीवर बसवणं बंद, त्यावर तो चार दिवस रुसला. धाकटी बरोबर असली की एसटी नाहीतर काळीपिवळी.

आणि जाकीटही घेतलं. बायकोच्या भिशीतून निम्मे, निम्मे मावसभावाकडून उसने. दोरीचं, जाळीच्या कापडाचं, कारण मे महिन्यात इथं बेचाळीस-त्रेचाळीस असतं आणि जाड कापडाचं जाकीट मी जूनपर्यंत खुंटीला लावलं असतं. फुगल्यावर नळकांडं बदललं की परत वापरता येतं. एक जादा मागवून ठेवलंय. हे फक्त शाळेच्या रस्त्यासाठी. थोरला मागं बसला असेल त्या दिवशीही घालतो, पण तेव्हा पाठीवर ते असल्याची लाज वाटते. ती अजून गेलेली नाही.

सर परवा स्टाफरूममध्ये ते हातात घेऊन बघत होते. दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. म्हणाले, "मियाँ, ट्रॉली के पीछे दिया लगाने को कित्ता लगता?" मी म्हटलं, रिफ्लेक्टरची पट्टी शंभर-दोनशेत येते. ते हसले, मग दम लागला म्हणून थांबले. येत्या हंगामात पोरांना घेऊन ऊसतोडीच्या टोळीकडं जायचं आणि ट्रॉल्यांच्या मागं पट्ट्या चिकटवायच्या, असं दोघांनी ठरवलंय. पट्ट्यांचे पैसे सर देणार आहेत, ऐकत नाहीत.

सकाळी निघताना मी गाडीला किक मारतो. बायको चुलीपुढून उठून दारापर्यंत येते. पूर्वी "फी अमानिल्लाह" म्हणायची आणि आत जायची. आता ते म्हणून झाल्यावरही उभी राहते, तिची नजर सीटखालच्या कडीवर असते.

"लगाया?"

मी दोरी ओढून दाखवतो.

"लगाया."