कोयत्याचे पाणी

आमच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून लोखंडाचा एक तुकडा ठेवलेला असतो. चार बोटे लांब, एका अंगाला पक्ष्याच्या चोचीसारखा वळलेला, दुसऱ्या अंगाला तुटलेला. घरी येणारे विद्यार्थी हे काय म्हणून विचारतात. कोयत्याची चोच, असे सांगितले की शहरातल्या मुलांचा चेहरा जरा बदलतो. त्यांचा दोष नाही. 2022-23 च्या सुमारास पुण्याच्या वर्तमानपत्रांतून 'कोयता गँग' हा शब्द इतका रुळला की आता कोयता म्हटले की त्यांना रस्त्यावरची दहशतच आठवते. मराठवाड्यातून आलेला एखादा विद्यार्थी असेल तर त्याला ऊसतोड आठवते. तिथे 'एक कोयता' म्हणजे एक जोडपे, नवरा आणि बायको मिळून एक. हत्याराच्या नावाने माणसे मोजण्याची ही रीत भाषेच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे, पण तो विषय वेगळा.

आमचा कोयता मालवणी. तो 'कोयतो' म्हणून पुल्लिंगी ओकारान्त, आणि त्याची धाकटी बहीण कोयती. सिंधुदुर्गातल्या वाडीवर कोयता हे शस्त्र नव्हे, जवळजवळ अवयव आहे. कमरेला मागच्या बाजूस आकडी बांधायची आणि तिच्यात तो अडकवायचा, की माणूस कामाला निघाला असे समजावे. माडावर चढून नारळ पाडणे, झावळ उतरवणे, कवाथ्याभोवतीचे रान साफ करणे, कुंपणासाठी शेरणी तोडणे, शहाळ्याचे तोंड उडवणे, प्रसंगी फुरसे मारणे, सगळे त्याच एका पात्याने. पाते जाड, वजन पुढच्या टोकाकडे ढकललेले, आणि टोकाला आत वळलेली चोच. चोच फांदी ओढून घ्यायला उपयोगी पडते. शिवाय पाते जमिनीवर आपटले तर जांभ्याचा पहिला मार तीच खाते आणि धार वाचवते. दक्षिण अमेरिकेतले माचेते याच्या अगदी उलट : लांब, पातळ, लवचीक, गवतावरून आणि उसावरून सपकन फिरणारे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या कॉलिन्स कंपनीने एकोणिसाव्या शतकापासून ती पाती तिकडे इतकी विकली की काही ठिकाणी कंपनीचे नाव हेच हत्याराचे नाव झाले. ते पाते वाकून सावरते. आमचा कोयता वाकण्यासाठी केलेलाच नसतो. तो वजनाने तोडतो.

बाबांनी हा कोयता 1981 साली घडवून घेतला. रत्नागिरीतून फुटून सिंधुदुर्ग हा नवा जिल्हा झाला तेच वर्ष, म्हणून साल घरात सर्वांच्या लक्षात राहिले. लोहार जवळच्याच गावातला. लोखंड बाजारातून आणलेले नव्हते. एका मालट्रकच्या मोडीत काढलेल्या कमानीचे पाते त्याने कापून घेतले होते. कोकणातले, किंबहुना देशातले बहुतेक चांगले कोयते असेच जन्मतात. ट्रकची कमान आयुष्यभर खड्डे सोसण्यासाठी केलेली असते. तिच्या पोलादात कार्बन अर्धा-पाऊण टक्क्याच्या आसपास असतो. तेवढा धारेला पुरतो आणि काच होण्याइतका नसतो. आठवडी बाजारात आता पत्र्यातून ठोकून कापलेले चकचकीत कोयते स्वस्तात मिळतात. ते फारसे मोडत नाहीत, हे खरे. ते वाकतात, आणि धार दोन दिवसांत बसते. न मोडणे हा नेहमी गुणच असतो असे नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

लोखंड लालभडक तापवून, ठोकून, घाट देऊन झाला की खरे काम सुरू होते. त्याला पाणी द्यायचे असते. 'पाणी देणे', 'पाणी पाजणे' हे शब्द आम्ही लहानपणी लोहाराच्या तोंडी ऐकले आणि पुढे चाळीस वर्षे भाषा शिकवताना वापरत राहिलो. पाणीदार मुलगा, पाणी दाखवणे, कुणाचे पाणी जोखणे. फारसीतही हेच. 'आब' म्हणजे पाणी, आणि आब म्हणजेच पात्याची चमक, कस. 'आब राखणे' हा आपला वाक्प्रचार त्याच शब्दाचा. वर्गात आम्ही ही व्युत्पत्ती मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असू. मात्र भट्टीपाशी उभे राहून पाणी म्हणजे नेमके काय होते हे पाहण्याची बुद्धी आम्हाला झाली ती साठीच्या जवळ आल्यावर.

होते ते असे. सुमारे आठशे अंशांपर्यंत तापलेले पोलाद पाण्यात बुडवून एकदम थंड केले की आतल्या कणांना मूळ जागी परतायला वेळ मिळत नाही. ती कोंडलेली, ताणलेली रचना विलक्षण कठीण असते. तिला मार्टेन्साइट म्हणतात. पण कठीण म्हणजे टिकाऊ नव्हे. त्या अवस्थेतला कोयता दगडावर पडला तर मडक्यासारखा फुटेल. म्हणून शहाणा लोहार सगळे पाते बुडवत नाही, फक्त धारेची कड बुडवतो आणि पाठ मऊ ठेवतो. मग धार दगडावर घासून उजळ करतो आणि वाट पाहतो. पाठीत राहिलेली धग हळूहळू धारेकडे सरकते आणि उजळलेल्या लोखंडावर रंग चालू लागतात : आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग वांग्याच्या सालीचा जांभळा, मग निळा. पिवळा येतो तो सव्वादोनशे अंशांच्या आगेमागे, निळा तीनशेच्या. वस्तरा असेल तर पिवळ्यावर थांबायचे, लाकडावर मारायचा कोयता असेल तर आणखी थोडा धीर धरायचा, आणि हवा तो रंग धारेशी पोचताच पुन्हा पाण्यात. या दुसऱ्या उबेने धारेचा थोडा कठीणपणा जातो आणि तिला मार सोसण्याची ताकद येते. हे सगळे डोळ्यांनी आणि अंधाऱ्या खोपीत, कारण उन्हात रंग दिसत नाहीत.

आपल्याकडे 'मोडेन पण वाकणार नाही' हे वाक्य मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते. आमच्या तरुणपणी तर ते चारित्र्याचे प्रमाणपत्रच होते. लोहाराला विचाराल तर तो म्हणेल की हे अर्धवट पाणी दिलेल्या लोखंडाचे लक्षण आहे. पहिल्या पाण्यानंतर काम सोडून दिले की असे पाते तयार होते.

आता मोडण्याची हकीकत. 16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. मालवण, देवगड भागात माड, फणस, आंबे उन्मळून पडले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे आम्ही मुंबईतच अडकलेले. चौथ्या दिवशी आईचा फोन लागला तेव्हा कळले की घर शाबूत आहे, खळ्यातला जुना फणस पडून वाट बंद झाली होती, वाडीतले काका मदतीला आले होते, आणि त्यांच्या हातून बाबांचा कोयता मोडला. फोन मग बाबांनी घेतला. पडलेल्या फणसाबद्दल ते एक वाक्य बोलले आणि कोयत्याबद्दल दहा मिनिटे.

हे काका सख्खे नव्हेत, पण आमच्या माडांवर तीस वर्षे तेच चढत. वयाने बाबांपेक्षा लहान, म्हणून बाबा त्यांना एकेरी हाक मारीत. बाबांनी त्यांना चार माणसांत सुनावले, "दुसऱ्याच्या वस्तूची तुका किंमत नाय." काका एवढेच म्हणाले, "मी कायएक करूक नाय. हातातच गेलो." मग ते घरी निघून गेले, आणि पुन्हा आमच्या खळ्यात आले नाहीत. माडांवर चढायला दुसरा माणूस पाहावा लागला. 2023 साली बाबा गेले तेव्हा काका वाटेपर्यंत आले, पायरी चढले नाहीत.

बाबांच्या मागे घर आवरताना वळचणीत एक पुडके सापडले. धोतराच्या फडक्यात, खोबरेल तेल चोपडून, कोयत्याचे दोन्ही तुकडे बांधून ठेवलेले होते. आम्ही ते घेऊन लोहाराकडे गेलो. ज्याने कोयता घडवला तो आता नाही. त्याचा मुलगा सत्तरीचा आहे आणि भाता जाऊन त्याच्या जागी विजेचा पंखा आला आहे. दोन्ही तुकडे जोडता येतील का, असा आमचा अडाणी प्रश्न होता. त्याने जोडण्याकडे लक्षच दिले नाही. तुटलेल्या कडा दारातल्या उजेडात धरून बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाला, "मास्तरानू, हो कोयतो त्या दिसाक मोडूक नाय. तो आधीच मोडलेलो होतो. त्या दिसाक फकत दोन तुकडे झाले."

त्याने बोटाने दाखवले. तुटलेल्या भागाचा बराचसा अंश करडा आणि रवाळ होता, साखरेची ढेप फोडल्यासारखा. पण धारेच्या बाजूला नखाएवढी एक चंद्रकोर काळपट, गुळगुळीत होती. तिथे गंज जुना होता. म्हणजे तेवढा तडा आधीच पडलेला होता. त्यात खारी हवा, पाणी, झाडाचा चीक शिरत राहिला आणि प्रत्येक घावागणिक तो केसाकेसाने आत सरकत राहिला. 1920 च्या सुमारास ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने काचेवर प्रयोग करून हेच मांडले होते की वस्तू एकूण ताकद संपल्यामुळे मोडत नाही, तिच्यातल्या एखाद्या बारीक चिरेच्या टोकाशी सगळा ताण गोळा होतो म्हणून मोडते. लोहाराने ग्रिफिथ वाचलेला नाही, पण तुटकी कड त्याला वाचता येते.

"धारेक तडो कसो पडलो?" आम्ही विचारले.

"कोणीतरी ह्येच्यान कायतरी उचकटल्यान आसतला. कोयतो तोडूक आसता, उचकटूक नाय."

घाव उभा पडतो तेव्हा जाड पाठ मागे उभी असते. पाते फटीत घालून आडवे पिळले की मऊ पाठ थोडी वाकते, कठीण धारेला वाकता येत नाही, ती चिरते. हे तो समजावून सांगत होता, पण आमचे लक्ष त्याच्याकडे नव्हते. आम्हाला 2019 चा गणपती आठवत होता. आम्ही मुंबईहून गेलो होतो. माळ्यावर पत्र्याची एक पेटी होती, तिच्यात आमच्या कॉलेजच्या दिवसांतले 'सत्यकथे'चे अंक होते. 1982 साली मासिक बंद पडले त्यानंतर ते आम्ही गावी आणून ठेवले होते. एका लेखासाठी ते हवे होते, किल्ली सापडत नव्हती. दुपारी घरातले सारे निजलेले. आम्ही पडवीतून कोयता आणला, चोच कडीखाली घातली आणि पिळली. कडी निघाली. त्याच वेळी टिक् असा एक बारीक आवाज झाला, नख तुटावे इतका. पाते पाहिले, काही दिसले नाही. कोयता होता तिथे ठेवून दिला. पेटीत वाळवीने अंकांची माती केली होती. कुणाला काही सांगण्यासारखे आहे असे तेव्हा वाटले नाही.

2021 साली फोनवर बाबा बोलत होते तेव्हा मात्र तो आवाज आम्हाला आठवला होता. लोहाराकडे जाऊन पहिल्यांदा आठवला असे लिहिता आले असते, आणि लेख त्याने जास्त सुबक झाला असता. पण तसे नव्हते. फोनवर आठवला, आणि आम्ही गप्प राहिलो. दोन वर्षांपूर्वीचा आवाज, त्याचा काय संबंध, अशी समजूत घातली. शिवाय बाबांचा आवाज इतका चढलेला होता. त्यानंतर बाबा दोन वर्षे होते, आणि त्या काळात आम्ही चार वेळा गावी गेलो.

लोहाराने मोठ्या तुकड्याची एक कोयती करून दिली. पुन्हा तापवली, ठोकली, पाणी दिले. रंग पाहायला आम्हाला जवळ बोलावले. जांभळ्याच्या किंचित आधी त्याने थांबवले. मूठ खैराची बसवली. चोच त्याला नको होती, ती आम्ही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयती घेऊन काकांकडे गेलो. ते ओटीवर काथ्या वळत बसले होते. आम्ही उभ्यानेच सगळे सांगितले. पेटी, कडी, आवाज, फोन. सांगताना आमची शुद्ध भाषा मध्येच सुटली, मध्येच परत आली. काकांनी ऐकून घेतले. काथ्याचा पीळ पुरा होईपर्यंत काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "पेटयेत काय गावला?"

"वाळवी," आम्ही म्हणालो.

त्यांनी कोयती हातात घेतली, तोलली, अंगठ्याच्या नखावर धार टेकवून पाहिली. "मूठ बारीक झाली," म्हणाले, आणि आत हाक मारून चहा टाकायला सांगितला.