भांडुपचे पाणी आणि आपली मूत्रपिंडे

मुंबईच्या पाण्याविषयी बोलताना आपण तानसा, वैतरणा, भातसा, विहार, तुळशी ही नावे सहज घेतो. मात्र शहराचे बरेचसे पाणी नळापर्यंत पोहोचण्यापूर्वी ज्या उपनगरात शुद्ध होते, त्या भांडुपचे नाव क्वचितच कोणी घेते. आज मी आपल्याला या भांडुपमधून पश्चिमेच्या डोंगराकडून पूर्वेच्या खाडीकडे घेऊन जाणार आहे. ही वाट पाण्याची आहे. आपल्या शरीरातही तिच्यासारखीच एक वाट आहे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत, खिंडीपाड्याच्या वरच्या बाजूस महानगरपालिकेचे भांडुप संकुल आहे. येथील दोन जलशुद्धीकरण केंद्रांची क्षमता दिवसाला १,९१० आणि ९०० दशलक्ष लिटर, म्हणजे एकूण सुमारे २८१ कोटी लिटर आहे. आलेल्या पाण्यातील गाळ आधी खाली बसवतात, मग ते वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी क्लोरिन देऊन जंतुमुक्त करतात.

आपल्या पाठीत, शेवटच्या बरगड्यांच्या आतल्या बाजूस, मुठीएवढी दोन गाळणकेंद्रे असतात. नातवंडांच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना वृक्क म्हटलेले आढळेल. आपण मूत्रपिंडे म्हणतो. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा सतत या दोन अवयवांतून फिरतो. निरोगी तरुण माणसाच्या मूत्रपिंडांत दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील ९९ टक्के पाणी, साखर आणि आवश्यक क्षार रक्तात परत घेतले जातात. उरलेले दीड-दोन लिटर युरिया आणि इतर टाकाऊ द्रव्ये घेऊन मूत्ररूपाने बाहेर पडते.

१८ जुलै २०२१ची अतिवृष्टी आपल्याला आठवत असेल. त्या रात्री भांडुप संकुलातच पावसाचे पाणी शिरले, यंत्रणा बंद ठेवावी लागली आणि मुंबईच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा खंडित झाला. पाणी उकळून पिण्याचे आवाहनही झाले. गाळणकेंद्र थोडा वेळ थांबले तरी त्याची झळ दूरवरच्या घराला बसते. मूत्रपिंडांचेही तसेच आहे. त्यांचे काम मंदावले की लक्षणे पाठीत न दिसता भलतीकडे दिसतात: पायांवर सूज येते, अन्नावरची वासना उडते, माणूस गुंगीत राहतो.

आता संकुलाकडून खाली वस्तीत उतरू. भांडुप पश्चिमेच्या टेकड्यांवर घरे एकावर एक रचल्यासारखी चढत गेली आहेत. कोकणातून आलेल्या कुटुंबांचे हे जुने ठिकाण. गणपतीत अर्धी वस्ती गावी जाते. अरुंद पायऱ्या, वळणे, पुन्हा पायऱ्या. अनेक घरांत अजूनही स्वतंत्र शौचालय नाही आणि सार्वजनिक शौचालय बरेच खाली आहे. अशा वस्तीतील वृद्ध स्त्रियांना "आजी, पाणी किती पिता?" असे विचारले, की ठरलेले उत्तर येते : "डॉक्टर, पाणी प्यायलं की तेवढ्या पायऱ्या उतराव्या लागतात. संध्याकाळनंतर मी घोटसुद्धा घेत नाही."

हे उत्तर मला चिंतेचे वाटते, कारण वयाने शरीरातील पाण्याचा हिशेब आधीच बिघडवलेला असतो. तरुण पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. वार्धक्यात तो ५० टक्क्यांच्या आसपास येतो. चाळिशीनंतर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता हळूहळू घटत जाते. पाणी राखून ठेवण्यासाठी मूत्र दाट करण्याची शक्ती कमी होते. त्यात मेंदूतील तहानेची जाणीवही मंद होते. म्हणून 'तहान लागली की पिईन' हा तारुण्यातील नियम सत्तरीत पुरेसा ठरत नाही.

घरच्यांनी येथे सावध राहावे. कालपर्यंत नीट बोलणारी आई आज असंबद्ध बोलू लागली, तर 'वय झाले' असे म्हणून सोडून देऊ नका. जीभ कोरडी पडणे, लघवी कमी व गडद होणे, उठताना भोवळ येणे, अकारण झोपाळूपणा ही शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे असू शकतात. हातावरच्या कातडीची चिमूट घेऊन पाहण्याची रीत म्हाताऱ्या माणसांत फसवी असते, कारण त्यांची त्वचा मुळातच सैल असते. अचानक आलेल्या गोंधळलेपणाला जंतुसंसर्गासारखी इतर कारणेही असतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

उपाय फार अवघड नाहीत. दिवसाचे बहुतेक पाणी सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत विभागून द्यावे. दर दोन तासांनी एक पेला पुरे. तांदळाची पेज, ताक, पातळ वरण, कोकम सरबत हेही द्रवच आहेत. रक्तदाब असल्यास मीठ आणि मधुमेह असल्यास साखर बेताने. बहुतेक निरोगी वृद्धांना दिवसाकाठी दीड लिटरच्या आसपास पेय पुरते, उन्हाळ्यात थोडे अधिक. रात्रीसाठी पलंगाजवळ झाकणाचे भांडे किंवा कमोड खुर्ची ठेवण्यात कमीपणा नाही.

दोन इशारे मात्र लक्षात ठेवावेत. हृदय अशक्त असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा पायांवर सूज असेल, तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. दुसरे, जुलाब-उलट्या चालू असताना अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर त्या मूत्रपिंडांना मोठा धक्का देऊ शकतात. नेहमीच्या गोळ्या चालू ठेवाव्यात की नाही, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

लाल बहादूर शास्त्री मार्ग आणि रेल्वे ओलांडून, पूर्व द्रुतगती महामार्गापलीकडे गेलो की मिठागरे आणि ठाण्याची खाडी लागते. येथे सांडपाणी तळ्यांत साठवून, त्यात हवा खेळवून, शुद्ध करून खाडीत सोडतात. जवळच्या पंपिंग स्टेशनच्या परिसरात हिवाळ्यापासून रोहित पक्षी पाहायला लोक भल्या सकाळी येतात. शहर आपल्या सांडपाण्याची इतकी काळजी घेते, तर आपण लघवीविषयी बोलायला का लाजावे? थेंब थेंब होणे, आवरता न येणे, रात्री चार-चार वेळा उठणे यांवर उपचार आहेत. या तक्रारी लपवण्यासाठीच पुष्कळ जण पाणी तोडतात.

तेव्हा या आठवड्यात घरातील वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा : "पाणी कमी पिता ते तहान नाही म्हणून, की शौचालयाला जायचे कष्ट नकोत म्हणून?" उत्तर दुसरे असेल, तर पेल्याच्या आधी वाटेची सोय करा.