३,७४० तास

गेल्या गणेशोत्सवात मखराचं काम मंडळाने आमच्याकडे दिलं होतं. आदल्या रात्री कुणीतरी हौसेने थर्माकोलच्या कमानीवर सोनेरी स्प्रे मारला आणि कमान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विरघळायला लागली. घरात रसायनशास्त्रातली डॉक्टरेट असताना हे व्हावं! स्प्रेमधली द्रावणं थर्माकोल खातात हे आम्हाला ठाऊक होतं, पण आम्ही तेव्हा स्वयंपाकघरात नारळ खवत बसलो होतो.

रातोरात पुठ्ठ्याचं नवं मखर उभं राहिलं, नुसत्या घड्या आणि खाचांवर. आरतीनंतर एका काकूंनी विचारलं, "कुणी केलं हो? इंजिनिअर आहेत का?"

"आर्किटेक्ट," आमच्यातली एक म्हणाली.

"अजून नाही," आमच्यातल्या दुसऱ्याने लगेच दुरुस्ती केली.

त्या 'अजून नाही'ची ही हकिगत.

आम्ही न्यू जर्सीला आलो ते रसायनशास्त्रासाठी. एकीची पीएच.डी. इथे सुरू झाली आणि दुसरा पुण्यातली नोकरी सोडून डिपेंडंट व्हिसावर आला. पाच वर्षांची पदवी, भारतातली नोंदणी, तीन वर्षांचा अनुभव, सगळं होतं. नव्हती ती कामाची परवानगी. पुण्याहून फोन आला की "जावई काय करतात?" या प्रश्नाला आम्ही "अभ्यास चाललाय" असं मोघम उत्तर द्यायचो. त्या वर्षांत 'तुझ्यामुळे' हा शब्द आम्ही दोघंही कसोशीने टाळत होतो. एका रात्री तो निसटलाच, आणि दोन दिवस घरात फक्त कुकरची शिट्टी ऐकू आली.

त्यानंतरच्या रविवारी, घरात बसवेना म्हणून, आम्ही ट्रेंटनजवळ युइंगला लुई कान यांचं बाथ हाऊस बघायला गेलो. पोहण्याच्या तलावावरची कपडे बदलण्याची ही साधी इमारत, १९५५ सालची. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती, वर चार चौकोनी छपरं आणि मध्ये आभाळाला उघडा चौक. अगदी वाड्यातल्यासारखा! कान स्वतः लहानपणी एस्टोनियातून आलेले. ही इमारत झाली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि त्यांची गाजलेली बहुतेक कामं, आपलं अहमदाबादचं आयआयएमसुद्धा, त्यानंतरची. तासभर आमच्यातला एक तो चौक पावलांनी मोजत होता. घरी आल्यावर कपाटावरची ड्रॉइंगची पेटी खाली निघाली.

ग्रीन कार्ड आल्यावर नोकरी मिळाली. पण इथे राज्याचं लायसन्स असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. आधी भारतातल्या पदवीचं मूल्यमापन, मग लायसन्स असलेल्या आर्किटेक्टच्या देखरेखीखाली ३,७४० तासांचा अनुभव आणि सहा भागांची परीक्षा. आठवड्याला ४० तास धरले तर जवळजवळ दोन वर्षं. हा हिशेब फ्रिजवर लावलेला आहे. पुण्यात वीट आणि आरसीसी, इथे लाकडी चौकटीची घरं, छपरावरच्या बर्फाचं वजन, आगीचे नियम आणि फूट-इंच. परीक्षेचे दोन भाग सुटले, तिसऱ्यात आम्ही नापास झालो. 'आम्ही' मुद्दाम लिहिलं आहे. प्रश्न विचारायला पहाटे पाचला दोघंही उठत होतो.

हे सगळं छापायला देण्याचं कारण आपल्या मराठी शाळेतली मुलं. वहीच्या मागे घरं काढणारी दोन-तीन तरी आहेत. "चित्र काढून पोट भरतं का?" असं आईवडील आम्हाला विचारतात. त्यांना आम्ही अच्युत कानविंदे यांची गोष्ट सांगतो. कोकणातल्या आचऱ्याचा, चित्रकाराचा हा मुलगा जे. जे.मध्ये शिकला, पुढे हार्वर्डला गेला आणि आयआयटी कानपूरच्या इमारती त्याने उभ्या केल्या. बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले, घरचा धंदा फर्निचरचा. त्यांना २०१८ साली प्रित्झकर पारितोषिक मिळालं. वाट सरळ कुणाचीच नव्हती. पगार डॉक्टरांइतका नसतो आणि शिक्षण लांबतं, हेही आम्ही लपवत नाही.

आणखी एक. आपल्या मंडळात डिपेंडंट व्हिसावर आलेली कितीतरी शिकलेली माणसं आहेत. "काय करता?" असं त्यांना विचारण्याआधी "काय शिकलात?" असं विचारून बघा. प्रश्न तेवढाच, पण उत्तर देणाऱ्याची मान वर राहते.

फ्रिजवरच्या कागदावर आज १,२१२ तास आहेत. यंदाच्या मखराचे तास त्यात धरत नाहीत, तरी ते आम्हीच करणार आहोत. ज्या मुलांना हात लावायचा असेल त्यांनी कात्री घेऊन यावं. स्प्रे मात्र कृपया घरीच ठेवावा.