बाजेवाले मामू

आमचे मामू अकोल्यात बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत. आज हे सरळ लिहिले, पण बी.एड. करताना कुणी विचारले तर आम्ही ‘मामूंचा धंदा आहे’ एवढेच सांगत होतो. शरीफ घरात बाजा म्हणजे ऐब. अम्मीसुद्धा शेजारणींसमोर भावाचे नाव घेताना आवाज खाली आणायची.

सॅक्सोफोन सगळा पितळेचा. तरी जाणकार त्याला बासरी-क्लॅरिनेटच्या लाकडी घराण्यात धरतात, कारण तो पातळ रीडवर बोलतो. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सने १८४६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. मामूंना यातले काही ठाऊक नव्हते. रीड चिरली की हंगाम बुडाला, एवढे ठाऊक होते. लग्नसराई संपली की ते जुन्या टेपवर कॅसेट मागे-पुढे करत गाण्यांतले तुकडे बसवायचे. ‘आराधना’तल्या पावसाळी रात्रीच्या गाण्यातला तो दबका, घोगरा सूर त्यांनी किती रात्री घासला असेल!

तो सूर मनोहारी सिंह यांचा. जन्म १९३१, कलकत्त्याचे नेपाळी घर. तिथल्या क्लबांत वाजवत असताना सलील चौधरींच्या सांगण्यावरून १९५८ मध्ये मुंबईला आले. सचिनदेव बर्मन यांच्या ‘सितारों से आगे’पासून त्यांचा सॅक्सोफोन कानी पडू लागला. ‘काश्मीर की कली’त (१९६४) रफी साहेबांच्या नशेतल्या गाण्यामागे तेच, ‘गाईड’मध्ये (१९६५) तेच, ‘आराधना’त (१९६९) तेच. पुढे राहुलदेव बर्मन यांच्याकडे बासू चक्रवर्ती आणि आपले मारुतीराव कीर यांच्यासोबत वाद्यमेळ सांभाळला. बासूंबरोबर जोडीने ‘सबसे बडा रुपैया’ला (१९७६) संगीतही दिले. २०१० मध्ये मुंबईत वारले. पडद्यावर सहाय्यक म्हणून नाव यायचे, पण मामूंच्या कॅसेटच्या कव्हरवर ते नव्हते. तिथे गायक, शायर, संगीतकार, बस्स. ज्याच्या फुंकीवर मामूंचे घर चालले, त्याचे नाव त्यांना माहीत नव्हते.

आता आमची गोष्ट. बी.एड.च्या वर्षी अमरावतीत राजकमल चौकात मैत्रिणींसोबत उभ्या होतो. वरात आली. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, गालफडे फुगलेली, मामू! अकोल्याहून सुपारी घेऊन आले असावेत. त्यांनी पाहिले. आम्ही ओढणी सारखी करून पाठ फिरवली. सूर एक क्षणही तुटला नाही. त्यानंतर ईदला घरी आले तेव्हा नेहमीप्रमाणे ईदी दिली. त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

आता त्यांच्याने वाजवणे होत नाही, दम लागतो. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आम्ही अकोल्याला गेलो आणि मोबाइलवर त्यांना मनोहारी सिंह वाजवताना दाखवले. माफी मागायचीच होती, पण तोंडातून शब्द निघेना, म्हणून मोबाइल पुढे केला.

मामूंनी चष्मा पुसला. नाव दोनदा विचारले. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “जरा पीछे ले बेटी.” आम्ही मागे घेतले. पुन्हा, पुन्हा. चौथ्या वेळी ते हसले.

“साँस यहाँ लेता है वो. तीस साल मैं गलत जगह लेता रहा.”