गालावरचे हप्ते

लेझर हा शब्द आमच्या ओळखीचा होता, पण तो छपाईपुरता. आमच्या शाखेत एक लेझर प्रिंटर आहे. काउंटरवर गर्दी असली की तो कागद खातो आणि गर्दी ओसरली की मुकाट्यानं चालतो. त्यामुळे हे यंत्र गालावर चालवतात असं ताईनं सांगितलं तेव्हा मला प्रथम प्रिंटरमध्ये अडकलेला गालच दिसला.

"प्रिंटर नव्हे रे!" ताई म्हणाली. "लेझरनं चेहऱ्याची वरची कातडी काढतात. खाली नवी असते."

म्हणजे नोटांच्या बंडलासारखं. वरची मळकी नोट काढली की खाली कोरी करकरीत! मी वीस वर्षं बँकेत आहे. बंडलात खाली काय असतं ते मला विचारा.

प्रश्न होता भाचीचा. दहावीत तिला मुरमं आली आणि जाताना दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेली. आता पोरगी सत्तावीसची, नोकरी उत्तम, लग्न ठरलेलं, मुहूर्त पाच आठवड्यांवर. नवऱ्या मुलाची काही तक्रार नव्हती. पण साखरपुड्याच्या दिवशी त्याच्या आत्याबाईंनी "फोटोत जरा दिसतं, नाही?" असं मायेनं विचारलं. मायेनं विचारलेल्या प्रश्नांवरचे उपाय फार महाग असतात. दुसऱ्याच दिवशी ताईनं एका पार्लरची जाहिरात आणली. 'लग्नसराईची खास सवलत! एकाच सिटिंगमध्ये डागविरहित चेहरा!'

'एकाच सिटिंगमध्ये' हे वाचून मला आमच्याकडची 'वन टाइम सेटलमेंट' आठवली. तीत कोणीतरी बुडालेलं असतंच. मी ताईला म्हटलं, "पार्लरची पायरी चढायच्या आधी स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊ. कातडी मुलीची आहे, पार्लरची नाही."

जाण्यापूर्वी मी थोडा अभ्यास केला. कॉमर्सचा माणूस विज्ञान वाचतो तेव्हा तो आधी फायदा कोणाचा झाला ते बघतो. तर, पहिला लेझर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाचा स्फटिक वापरून चालवला. पण गालांच्या कामी आला तो १९६४ सालचा कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर. तो शोधला बेल प्रयोगशाळेतल्या कुमार पटेल यांनी, आणि हे पटेल जन्मले आपल्या बारामतीत, १९३८ साली! इंजिनिअर झाले पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून. म्हणजे ताई ज्याला 'फॉरेनची ट्रीटमेंट' म्हणत होती, तिचं मूळ गाव पुणे जिल्ह्यात निघालं. हे कळल्यावर ताईचा उत्साह थोडा कमी झाला.

या लेझरची खुबी साधी आहे. त्याचा किरण पाणी शोषून घेतं, आणि कातडी म्हणजे बरंचसं पाणीच. किरण पडला की त्या जागचा पातळसा थर वाफ होऊन उडतो आणि खालच्या थराला शेक बसतो. ती जखम भरताना शरीर नवं कोलॅजन तयार करतं. कोलॅजन म्हणजे कातडीला आतून ताठ ठेवणारं अस्तर. खड्डा त्यानं थोडाफार वर येतो. थोडक्यात, लेझर दुरुस्ती करत नाही. तो हिशेबानं जखम करतो. दुरुस्ती ज्याची त्यानं करायची. आमच्या हेड ऑफिसचा कारभार असाच चालतो.

डॉक्टरीणबाई चष्म्यातून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या निघाल्या. खातं उघडताना आम्ही केवायसीचे कागद मागतो, तशी त्यांनी भाचीची चौकशी सुरू केली. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्यास का, कधी थांबवल्यास? ओठावर जर उठतो का? कारण लेझरनं तो पुन्हा उसळून चेहराभर पसरू शकतो, मग आधीपासून औषध द्यावं लागतं. जखम भरल्यावर तिथे जाड गाठीसारखा उंचवटा राहतो का? सध्या नवं मुरूम आहे का? गरोदरपणाची शक्यता? यावर ताई खोकली. सिगारेट ओढतेस का? सिगारेटनं जखम उशिरा भरते. यावर ताईनं माझ्याकडे पाहिलं. का, ते मला अजून कळलेलं नाही.

मग त्यांनी रंगाचा विषय काढला आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७५ साली कातडी उन्हाला कशी दाद देते याची एक मोजपट्टी काढली. आज तिच्यात सहा प्रकार धरतात. पहिला प्रकार उन्हात नुसता भाजतो, सहावा सहसा भाजतच नाही. आपण बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्या घरातले. या कातडीला जखम झाली की ती घाबरून जास्त रंग तयार करते. गोऱ्या कातडीवर जे लाल होऊन मावळतं, ते आपल्याकडे काळा डाग होऊन महिनोन्‌महिने मुक्काम करतं.

"म्हणजे खड्डा बुजला आणि डाग आला, असं होऊ शकतं?" मी विचारलं.

"होऊ शकतं. म्हणून आपण जोर कमी ठेवतो, आधी कानाजवळ छोट्या जागेवर करून बघतो, आणि ऊन पूर्ण बंद."

ताईनं जाहिरात पुढे केली. त्यावर अर्थातच एका गोऱ्यापान बाईचा फोटो होता. डॉक्टरीणबाईंनी तो बघून नुसती उलटी घडी घातली.

पूर्वी सगळा चेहराच सोलून काढत. २००४ सालापासून नवी पद्धत आली. तिला फ्रॅक्शनल म्हणतात. चाळणीसारखी बारीक बारीक भोकं पाडायची आणि मधली कातडी शाबूत ठेवायची. त्या शाबूत कातडीतून जखम लवकर भरते. हे ऐकून मला आमच्या रस्त्याचं खोदकाम आठवलं. सबंध रस्ता एकदम न उखडता मधून वाहनांना वाट ठेवण्याची ही अक्कल डॉक्टरांना सुचली, महापालिकेला कधी सुचणार?

"आता दिवस मोजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बधिर करायचं मलम लावून तासभर बसायचं. डोळ्यांवर झाकणं. मग उन्हानं भाजल्यासारखी आग. दोन-तीन दिवस सूज. आठवडाभर चेहऱ्यावर तपकिरी कोंडा. तो नखानं काढायचा नाही. लाली कधी काही आठवडे राहते. दोन सिटिंगमध्ये महिना-दीड महिना, आणि सिटिंग तीन-चार लागतील. कोलॅजन पुढे तीन ते सहा महिने भरत राहतं. एवढं करून खड्डे उथळ होतील, जाणार नाहीत. सुईनं टोचल्यासारखे जे खोल आहेत, त्यांना लेझर फारसा पुरत नाही, तिथे दुसरे उपाय."

ताईनं बोटं मोजली. पाच आठवड्यांत हे बसत नव्हतं. बसलं असतं ते हळदीच्या दिवशी कोंडा आणि लग्नाच्या दिवशी लाली!

मग डॉक्टरीणबाईंनी आम्हां दोघांना सोडून भाचीकडे पाहिलं. "तुला हवंय का?"

मी मनाशी म्हटलं, आता पोरगी नाही म्हणेल आणि आपण 'मनाचं सौंदर्य' या विषयावर दोन वाक्यं बोलून घरी जाऊ.

"मला हवंय," ती म्हणाली. "दहावीपासूनच्या एकाही फोटोत माझा डावा हात खाली नाही. गालावर आहे. लोकांना वाटतं मला पोज द्यायची सवय आहे. पण लग्नासाठी नको. मला हवं तेव्हा करीन, माझ्या पैशानं."

दवाखान्यात कोणी काही बोललं नाही. ते फोटो आमच्याच भिंतीवर लटकलेले आहेत. 'गोड दिसते हं पोज' असं त्यांच्याखाली उभं राहून म्हणणाऱ्यांत ताई पहिली. ती पर्समध्ये रुमाल शोधू लागली.

लग्न खड्ड्यांसकट झालं. आत्याबाई जिलेबीत रमल्या. नवं जोडपं गोव्याला गेलं आणि काळवंडून आलं. उन्हानं रापलेल्या कातडीला डॉक्टरीणबाई हात लावीनात. आधी दोन-तीन महिने टोपी आणि सनस्क्रीन, मग कानाजवळची चाचणी, आणि मग पहिली सिटिंग. त्या आठवड्यात तिचा चेहरा भाजलेल्या पापडासारखा होता आणि जावईबापू न विचारता स्वयंपाक करत होते. लेझरचा हा उपयोग कुठल्याच जाहिरातीत नाही.

आता वाचकहो, तुमच्या घरात असा विचार निघाला तर एका बँकवाल्याचं ऐका. लेझर हे कर्ज आहे. मंजुरी अर्ध्या तासात मिळते, हप्ते वर्षभर चालतात आणि ते उन्हात न जाऊन फेडायचे असतात. सही करण्याआधी विचारा: यंत्र हातात कोण धरणार, डॉक्टर की डॉक्टरांचा फोटो भिंतीवर लावलेलं दुसरंच कोणी? आपल्या रंगाच्या किती चेहऱ्यांवर त्यांनी हे केलंय? आधी चाचणी करणार का? सगळ्या सिटिंग धरून आकडा किती? कारण सौंदर्यासाठीच्या उपचाराला आरोग्यविमा सहसा पैसे देत नाही. काही बिघडलं तर रात्री फोन कोणाला? आणि घरात लग्नाची तारीख ठरली असेल, तर तिच्या तोंडावर हे मुळीच करू नका. शेवटचा प्रश्न डॉक्टरांना नव्हे, घरात विचारायचा: हा चेहरा नक्की कोणाला बदलायचाय? अर्जावर सही खातेदाराचीच लागते. नातेवाइकांची चालत नाही.

भाचीच्या तीन सिटिंग झाल्या. खड्डे आहेत, पण आता शोधावे लागतात. परवा तिनं एक फोटो पाठवला. डाव्या हातात भेळेचा कागद होता. गालावर काही नव्हतं. संध्याकाळचे साडेसहा वाजलेले, तरी बाईसाहेब झाडाच्या सावलीत उभ्या!

हप्ता चुकवणार नाही ती. मामा बँकेत आहे.